प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची परीक्षा कोण घेते?

पनवेल-उरण भागातील भात, भाजीपाला व आंबा उत्पादकांना मुंबईची बाजारपेठ आणि न्हावा-शेवा बंदर दोन्ही जवळ आहेत. मात्र निर्यातीसाठी ‘सेंद्रिय’ माल पाठवायचा, तर प्रमाणपत्र लागते. ते देणारी संस्था त्या कामास सक्षम आहे का, हे तपासून मान्यता देण्याच्या पद्धतीला अधिस्वीकृती किंवा अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात.

भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम (एनपीओपी) २००१ पासून सुरू आहे. त्याअंतर्गत राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ प्रमाणीकरण संस्थांना मान्यता देते. अंमलबजावणीचे काम अपेडा पाहते.

अधिस्वीकृतीत काय तपासतात?
- निरीक्षकांचे शिक्षण, अनुभव व प्रशिक्षण.
- निःपक्षपातीपणा: संस्थेचे शेतकऱ्याशी अन्य आर्थिक हितसंबंध नसावेत.
- निर्णयप्रक्रिया: शेताची तपासणी करणारा निरीक्षक स्वतःच प्रमाणपत्राचा निर्णय घेत नाही.
- नोंदी, तक्रार निवारण व प्रत्यक्ष शेतावरील काम.

प्रयोगशाळांनाही हेच लागू होते. माती, पाणी किंवा कीडनाशक अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळांना एनएबीएल ही संस्था आयएसओ/आयईसी १७०२५ मानकानुसार अधिस्वीकृती देते. ती ठरावीक चाचण्यांपुरतीच असते. माती तपासणीसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा अवशेष तपासणीसाठी मान्यताप्राप्त असेलच असे नाही.

शेतकऱ्याला याचा फरक काय पडतो?
सेंद्रिय रूपांतरासाठी हंगामी पिकांना पेरणीपूर्वी साधारण २ वर्षे, तर आंब्यासारख्या बहुवार्षिक पिकांना पहिल्या सेंद्रिय काढणीपूर्वी ३ वर्षे लागतात. एवढा काळ व खर्च घालूनही प्रमाणपत्र खरेदीदार देशाने मान्य केले नाही, तर माल साध्या भावाने विकावा लागतो. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने अपेडाच्या अधिस्वीकृतीला दिलेली मान्यता थांबवली. जुलै २०२२ पर्यंतची मुदत संपल्यावर अमेरिकेसाठी थेट त्या विभागाची अधिस्वीकृती असलेल्या संस्थेचेच प्रमाणपत्र चालते.

करार करण्यापूर्वी
- संस्थेचे नाव अपेडाच्या चालू यादीत पाहावे. मान्यतेची मुदत व व्याप्ती (पीक, प्रक्रिया, पशुपालन) तपासावी.
- माल कोणत्या देशात जाणार हे खरेदीदाराकडून लेखी घ्यावे व ती संस्था तिथे मान्य आहे का ते विचारावे.
- प्रयोगशाळेच्या अहवालावर एनएबीएल चिन्ह आहे का आणि हवी ती चाचणी तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते पाहावे.
- गटाने प्रमाणपत्र घेतल्यास ते कोणाच्या नावे आहे, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे.