व्हिसेरा राखून ठेवला, पुढे?

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरसारख्या गावात शेतात कुणी मृतावस्थेत सापडलं आणि शवविच्छेदनात कारण कळलं नाही, की बातमीची शेवटची ओळ ठरलेली: ‘व्हिसेरा राखून ठेवला.’ व्हिसेरा म्हणजे शरीरातले आतले अवयव. ते राखले, की खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

जठर आणि त्यातला ऐवज एका रुंद तोंडाच्या बरणीत, यकृत-मूत्रपिंडाचे तुकडे दुसरीत, सगळं मिठाच्या संपृक्त पाण्यात. बरणी काठोकाठ भरत नाहीत, आत वायू धरतो. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड. आणखी एका बाटलीत नुसतंच ते मिठाचं पाणी. ‘विष पाण्यातच होतं’ असं उद्या वकील म्हणाला तर उत्तर हवं ना! वर लाखेचं सील आणि सोबत सीलचा नमुना. तो जुळला नाही, तर पुढचं यंत्र कितीही महागडं असो, रासायनिक विश्लेषकाच्या अहवालावर, म्हणजे सी. ए. रिपोर्टवर, बचाव पक्ष तुटून पडतो.

प्रयोगशाळेत अवयवांतून विष द्रावकानं ओढून काढतात. गॅस क्रोमॅटोग्राफ त्यातले घटक वेगळे करतो, मास स्पेक्ट्रोमीटर रेणू फोडून तुकडे मोजतो. मोनोक्रोटोफॉसचे तुकडे कसे पडतात हे माहीत असतं. ते जुळले की कीटकनाशक ओळखू येतं. ते कुणी पाजलं की स्वतः घेतलं, हे मात्र यंत्राला विचारू नये.

१९५६ साली पुण्याच्या डॉ. अनंत लागूंबरोबर रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघालेली त्यांची रुग्ण बेशुद्धावस्थेत पोहोचली आणि जी. टी. रुग्णालयात वारली. व्हिसेऱ्यात विष सापडलंच नाही. तरी तिच्या नावानं नंतर आलेली बनावट पत्रं आणि हडपलेली मालमत्ता पाहून सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये डॉक्टरांची फाशी कायम केली. एका न्यायमूर्तींचं मत विरोधात होतं. उलट १९८२ साली बीडहून लग्न होऊन पुण्यात आलेल्या तरुणीचा मृत्यू पोटॅशियम सायनाइडनं झाला, यात वाद नव्हता. १९८४ मध्ये पती निर्दोष सुटला. हेतू, विषानं मृत्यू, आरोपीजवळ विष आणि ते देण्याची संधी, हे चारही सिद्ध व्हायला हवं, असं न्यायालयानं बजावलं. प्रयोगशाळेच्या हातात यातलं मुख्यतः दुसरंच.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा. तज्ज्ञ येईपर्यंत घरच्यांनी बाटली, पेला, ओकारीची चादर धुऊन टाकू नये. माणसं नेमकं तेच आधी करतात.