दाबाखालचा निळा स्फटिक

करंगळीहून लहान टेफ्लॉनची कुपी. तिच्यात गडद निळ्या स्फटिकाचा तुकडा, शेजारी शिशाचा कण आणि काठोकाठ तेल. तेलात बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर दट्ट्याचा बराचसा जोर त्यालाच दाबण्यात जातो. कुपी बेरिलियम-तांब्याच्या जाड नळकांड्यात सरकवायची, हायड्रॉलिक प्रेसने दट्ट्या रेटायचा आणि जोर असतानाच नट आवळायचे. प्रेस बाजूला केला तरी दाब आत कोंडलेला राहतो.

हा स्फटिक स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटचा. त्यात तांब्याचे अणू जोडीजोडीने बसतात, शेजारची जोडी काटकोनात. प्रत्येक अणूच्या स्पिनला, म्हणजे त्याच्या चिमुकल्या चुंबकाला, शेजाऱ्याच्या उलट दिशा हवी असते. पण शेजारच्या जोडीतले दोघे आधीच परस्परांविरुद्ध. मग तिसऱ्याने कोणाच्या उलट व्हायचे? ही कोंडी सुटत नाही. म्हणून प्रत्येक जोडी आपले चुंबकत्व आपसातच मिटवून टाकते. बिल सदरलँड आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले बी. श्रीराम शास्त्री यांनी 1981 मध्ये हे उत्तर कागदावर अचूक मांडले. तसा पदार्थ खरोखर आहे, हे जपानी संशोधकांनी 1999 मध्ये दाखवले.

त्याला छेडायला दाबाइतके स्वच्छ साधन मला दुसरे दिसत नाही. अणू बदलले की स्फटिकात अव्यवस्था शिरते. दाबाने फक्त अंतरे आणि कोन सरकतात. तांबे-ऑक्सिजन-तांबे हा कोन सुमारे 98 अंशांचा. तो किंचित हलला तरी जोडीतला बंध ढिला होतो. शेजाऱ्यांशी असलेला बंध मात्र तेवढा ढळत नाही. सुमारे 2 गिगापास्कलला, म्हणजे 20 हजार वातावरणांइतक्या दाबाला, जोड्या मोडतात आणि स्पिन चार-चारांच्या गटांत बांधले जातात. दाब 3-4 गिगापास्कलपर्यंत नेला की उलटसुलट स्पिनांची नीट मांडलेली प्रतिलोहचुंबकीय रचना उभी राहते.

नळकांडे द्रव हीलियमच्या थंडीत उतरले की तेल गोठते, दाब थोडा घटतो. प्रेसवरच्या आकड्यावर मग विसंबता येत नाही. तिथे शिसे कामी येते. एरवी ते 7.2 केल्विनला अतिवाहक होते आणि दर गिगापास्कलमागे हे तापमान केल्विनच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक उतरते. त्यावरून खरा दाब कळतो.

चारांचे गट नेमके कोणत्या चौकोनांवर बसतात, मधे जोडी असलेल्या की रिकाम्या, यावर सिद्धांत आणि प्रयोग यांचे अजून पुरते जुळलेले नाही. स्फटिकावर न्यूट्रॉन सोडून उत्तर काढायचे तर स्फटिक मोठा हवा, आणि मोठ्या स्फटिकावर एवढा दाब सगळीकडून सारखा देणे हेच या कामातले सर्वांत अवघड.