सिंहावलोकन : दोष माणसाचा की रचनेचा?

चार पावले पुढे गेल्यावर सिंह थांबतो व मागे वळून पाहतो, या कल्पनेतून आपल्याकडे ‘सिंहावलोकन’ हा शब्द रूढ झाला. सॉफ्टवेअर क्षेत्रात त्यालाच ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ म्हणतात. २००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञांनी ‘अजाइल’ जाहीरनामा तयार केला. ठरावीक काळाने चमूने आपल्या कामाचा विचार करून कार्यपद्धतीत बदल करावा, हे त्याच्या १२ तत्त्वांपैकी अखेरचे तत्त्व होय.

या तत्त्वाचा प्रत्यय जयपूरमध्ये त्यापूर्वी सुमारे तीन दशके आला होता. सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यापुढे एक प्रश्न होता. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय मिळूनही रुग्ण पुन्हा कुबड्यांकडे का वळतात? दोष रुग्णांचा नव्हता. त्या पायाला बूट अनिवार्य होता. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलात अनवाणी चालणे अशक्य होते. एडिंबरोची एफआरसीएस पदवी मिळवलेले डॉ. सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबरी पाय घडवला. भरीव रबराचा पाय जड व ताठर ठरला. म्हणून आत स्पंज रबर व लाकूड आणि बाहेर चिवट रबराचे आवरण, अशी रचना आली. रुग्णाने चालून पाहावे, अडचण सांगावी आणि रचना सुधारावी, असा हा क्रम होता. ‘जयपूर फूट’ जगभर पोहोचला, डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला.

परिणामकारक आढावा बैठकीचे मर्म येथेच आहे. उपलब्ध माहिती, कौशल्य व साधने पाहता प्रत्येकाने शक्य तेवढे उत्तम काम केले, हे गृहीत धरूनच चर्चा सुरू व्हावी, असे या विषयाचे अभ्यासक नॉर्मन कर्थ सांगतात. काय साधले, काय अडले आणि काय बदलावे, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तरे आधी चिठ्ठीवर लिहून घ्यावीत आणि कनिष्ठांना प्रथम बोलू द्यावे. वरिष्ठांचे मत आधी कळले की इतरांचे ओठ मिटतात. अखेरीस एक-दोनच बदल निवडून त्यांची जबाबदारी व तारीख निश्चित करावी. पुढील बैठकीचा आरंभ त्यांच्याच हिशेबाने व्हावा.

हा हिशेब राहून गेला, तर बैठकीच्या इतिवृत्तात जुनीच तक्रार नव्या तारखेने नोंदली जाते आणि हळूहळू माणसे बोलेनाशी होतात. संस्थेची खरी हानी तेथून सुरू होते.