आधी जेवणाची घडी, मग वजन

शरीर आणि मन : भाग ६

मागच्या दोन भागांत आपण अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया आणि अनावर खाण्याचा आजार यांची ओळख करून घेतली. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे आणि माझ्या मते जास्त अवघड आहे. यातला एखादा आजार होऊन गेलेल्या माणसाला पुढे कधी खरोखरच वजन कमी करायची गरज पडली, तर त्यानं काय करायचं?

उदाहरणासाठी मुळशी तालुक्यातल्या मुठा गावी नांदणारी एक तिशीतली बाई डोळ्यांपुढे आणा. शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात असताना तिचं जेवण कमी कमी होत गेलं. मग रात्री चोरून खा-खा सुटायची आणि त्यानंतर उलट्या. दोन वर्षं अशी गेली. उपचार झाले, बरी झाली. आता लग्न झालंय, एक मूल आहे, रोज पिरंगुटला कंपनीत जाते. कंपनीच्या आरोग्य तपासणीत साखर काठावर निघाली आणि डॉक्टर म्हणाले, ‘‘वजन उतरवा, नाहीतर मधुमेह ठरलेला.’’ बाई मी कल्पिलेली आहे, पण तिची कोंडी अनेक घरांत आहे. वजनाकडे दुर्लक्ष केलं तर मधुमेहाची भीती आणि जेवण तोडलं तर जुनं दुखणं उलटण्याची भीती.

डॉक्टरांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. याचा पुरावा पुण्यातच सापडतो. २००४ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्याआधी १९९३ पासून केईएमच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला होता. ही बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत खूपच हलकी. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी बऱ्यापैकी टिकून. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार ही आपली ठेवण पाळण्यापासूनची आहे. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ बीएमआयवर धरतात. ‘तू आहेस तशी छान आहेस’ हा दिलासा चांगला असला तरी काठावरच्या साखरेला तो पुरत नाही.

आता दुसरी बाजू. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. युद्धाला नकार दिलेले हे स्वयंसेवक शरीरानं ठणठणीत होते आणि मनानंही. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं आणि त्यांचं वजन सुमारे पावपट उतरलं. किती कॅलरी दिल्या तो आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या आजारातून गेलेला वाचक तो पाठ करून ठेवतो. त्या तरुणांच्या डोक्यात दिवसभर अन्नाशिवाय काही उरलं नाही. ज्यांनी आयुष्यात कधी पातेलं हातात धरलं नव्हतं, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एकेक जेवण तासभर पुरवून खाऊ लागले. प्रयोग संपल्यावर पोटभर अन्न समोर आलं, तरी काहींची भूक कित्येक महिने शमेना. पोटाला तडस लागली तरी हात थांबत नव्हता. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. नुसत्या उपासमारीनं एवढं होत असेल, तर ज्या मेंदूनं ही वाट एकदा चालून पाहिलीय त्याला ती पुन्हा सापडायला वेळ लागत नाही.

म्हणून या बाईनं पहिली गोष्ट करायची ती वेळेवर खाण्याची. ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी अनावर खाण्यावर जी उपचारपद्धत बसवली, तिचा पाया हाच आहे. दिवसातून तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं आणि जागेपणी दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा मोठा खंड पडू द्यायचा नाही. भूक असो वा नसो, घड्याळ बघून खायचं. वजन उतरवायला निघालेल्या माणसाला हे उरफाटं वाटतं. पण रात्री दहाला डब्यांची झाकणं उघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा सकाळी टाळलेल्या न्याहारीत असते.

मुठ्याच्या घरात हे जमवायला वेगळं काही आणावं लागत नाही. पहाटेचा चहा झाला की कामावर निघण्याआधी तांदळाची भाकरी आणि कालवण. अकराच्या सुट्टीत फुटाणे नाहीतर केळं. दुपारी डबा. पाचच्या चहाबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं. रात्री सगळ्यांबरोबर भात, आमटी, भाजी. यात सुधारणा करायचीच तर पावटा, वाल, मटकी, अंडी, मासे वाढवा. भात काही ताटातून काढू नका. टेमघर धरणाच्या खाली खाचराखाचरांत इंद्रायणी पिकतो, घरात पोती भरलेली असतात. आषाढात गुडघाभर चिखलात लावणी करून आलेल्या माणसांच्या पंक्तीत एकटीनंच भात नाकारला, तर चार दिवसांत तोच भात रात्री उभ्याउभ्या पातेल्यातून खाल्ला जाईल. त्यामागून शरम, आणि शरमेमागून पुन्हा उपास.

उपासांचं तर स्पष्टच बोलायला हवं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपण सहज म्हणतो, पण दिवसभर रिकामं राहिलेलं शरीर संध्याकाळी वसुली करतं हे त्यात अचूक टिपलंय. आपल्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार असे उपास वर्षभर पुरतात. जुना आजार या उपासांच्या आड बेमालूम लपतो आणि घरचे उलट कौतुक करतात. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली दोनच जेवणांची पद्धतही या बाईसाठी नाही. दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत जेवण आटपायचं, हे अनेकांनी आनंदानं पाळलंय आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. मात्र ज्याच्या आजाराचा साचाच ‘दिवसभर काही नाही आणि मग एकदम सगळं’ असा होता, त्याच्या हातात तोच साचा नव्या नावानं द्यायचा नसतो.

आजाऱ्याला आणि बाळंतिणीला उपास नसतो, हे आपल्याच घरात मानलं जातं. त्या यादीत हा आजारही बसतो. सासूबाईंना एवढंच सांगितलं तरी पुरे: ‘‘आत्या, डॉक्टरांनी मला उपास बंद करायला सांगितलेत. तुमच्यासाठी भगर मी करते.’’

मग साखरेचं काय? याचं फार मोलाचं उत्तर चेन्नईत मिळालं. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या काठावरच्या ५३१ लोकांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. चालणं-फिरणं आणि आहारातला साधा बदल एवढ्यानं मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला आणि तोही सरासरी वजन फारसं न उतरता. मला वाटतं, आजार होऊन गेलेल्या प्रत्येकाला हे तपासणीच्या दिवशीच सांगायला हवं. वजनकाट्यावरचा आकडा हलला नाही तरी काम झालेलं असतं. म्हणून ध्येय ठरवताना किलोऐवजी दर तीन महिन्यांची, सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी धरावी. ५.७ ते ६.४ टक्के हा काठावरचा पट्टा आहे. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असं काम, यानं हा आकडा सुधारतो. फक्त ‘दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, आता त्या उतरवते’ या हिशेबानं चालू नये. रविवारी सकाळी पिरंगुटहून टेमघरच्या चढाला सायकलवाले लागतात, त्यांतही एखादा असा असू शकतो, की ज्याला ताप असतानाही थांबता येत नाही. व्यायामाच्या रूपातही हा आजार परतू शकतो.

वजनकाटा घरात नसावा. वजन डॉक्टरांकडे करावं, हवं तर आकड्याकडे पाठ करून. वहीत कॅलरी लिहू नयेत. किती वाजता खाल्लं, कुठे, कुणाबरोबर आणि मनात काय होतं, एवढंच लिहावं. या गोष्टी जमून उलट्या आणि खा-खा बरेच महिने पूर्ण थांबलेल्या असतील, तर डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून सावकाश वजन उतरवायला हरकत नसते. अनावर खाण्याच्या आजारात असे देखरेखीखालचे कार्यक्रम चालतातही. अ‍ॅनोरेक्सिया होऊन गेलेल्यांनी मात्र याहून सावध राहावं. वजन आधीच कमी असेल, पाळी थांबली असेल किंवा दिवस गेले असतील, तर हा विषयच बाजूला ठेवावा.

डॉक्टरांपासून जुना आजार लपवण्याची किंमत मोठी असते. बुप्रोपिऑन हे औषध नैराश्यासाठी आणि तंबाखू सोडवण्यासाठी दिलं जातं. बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्सिया कधीही झालेला असेल, तर त्यानं फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून अशांना ते देत नाहीत. २०२५ मध्ये भारतात आलेली मौन्जारो आणि वेगोवी ही आठवड्याची इंजेक्शनं भूकच मारतात. ज्याला कधीकाळी भूक न लागणं हाच विजय वाटला होता, त्यानं मानसोपचारतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय ती सुरू करू नयेत.

जेवलं नसताना ‘जेवले’ म्हणणं, जेवणानंतर लगेच मोरीत जाणं, जुलाबाच्या गोळ्या, पाळी चुकणं, पुन्हा पुन्हा वजन करणं, यातलं एक जरी परतलं तरी वजनाचा कार्यक्रम त्याच दिवशी थांबवावा. चक्कर येत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर थेट रुग्णालय गाठावं, कारण उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मुठ्याचं तालुक्याचं गाव पौड आहे, मानसोपचार विभाग पुण्यात ससूनला आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत, मराठीत बोलता येतं.

घरच्यांसाठीही एक काम आहे. ‘‘अंग सुटलंय गं तुझं’’ किंवा ‘‘वाळलीस की, छान दिसतेस’’ ही दोन्ही वाक्यं तिच्यापुढे बंद करा, पाहुण्यांनाही अडवा. रात्रीच्या जेवणाला तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढा. मागून उरलंसुरलं खायला तिला एकटीला ठेवू नका.

पुढच्या भागात : टाइप १ मधुमेह असलेली मुलं-मुली आणि मुद्दाम चुकवलेलं इन्सुलिन.