अर्ध्या ग्रॅमचं शंभर वर्षांचं गणित

वडोदऱ्याजवळून खंभातच्या आखाताकडे जाणारा सांडपाण्याचा कालवा सुमारे ५६ किलोमीटर लांब आहे. १९८३ पासून इथल्या रसायन कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी त्यातून मही नदीच्या मुखाशी सोडलं जातं. त्यामुळे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मासे खाणाऱ्या मराठी घरांत ‘मासळी कुठल्या पाण्यातली?’ असं कुणी विचारलं, तर ते रास्तच आहे. पण पाऱ्यापुरतं बोलायचं तर आणखी एक प्रश्न हवा: मासा केवढा, आणि काय खाऊन वाढलेला?

ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ग्रॅम पारा असतो. तेवढाच पारा मिथिलमर्क्युरी या विषारी रूपात माशांत उतरला असं धरू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ठरवलेली त्याची आठवड्याची मर्यादा आहे शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ९६. अर्ध्या ग्रॅमात पाच लाख मायक्रोग्रॅम! भागाकार करा: ५,२०० हून जास्त आठवडे. एका माणसाची शंभर वर्षांची मर्यादा.

गाळातले जीवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी करतात. ते प्लवकांत जातं, तिथून लहान माशांत, मग त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत. वरच्या पायरीवर त्याचं प्रमाण पाण्याच्या लाखो पट झालेलं असतं. ते मांसातल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून धुऊन, तळून, आमसूल घालून जात नाही. आपल्या शरीरातूनही निम्मं बाहेर पडायला सुमारे पन्नास दिवस लागतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सरासऱ्या पाहा. किलोमागे तारलीत ०.०१३ मिलिग्रॅम पारा, सुरमईच्या तिकडच्या भाऊबंदात ०.७३, मुशीत ०.९७९. आपल्या बाजारातले आकडे वेगळे असतील, पण क्रम हाच राहील. ९६ मायक्रोग्रॅम गाठायला तारली सात किलोहून अधिक खावी लागेल. तो सुरमईचा भाऊबंद मात्र १३१ ग्रॅम आणि मुशी अवघी ९८ ग्रॅम पुरते. सुरमईचा एक जाड तुकडा शंभर ग्रॅम सहज भरतो.

 

जपानच्या मिनामाता खाडीत एका कारखान्याने १९३२ ते १९६८ पारामिश्रित पाणी सोडलं. तिथली मासळी खाऊन झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ रोजी. त्यानंतरही बारा वर्षं ते पाणी वाहत राहिलं, आणि आईला फारसा त्रास नसतानाही गर्भातच बाधित झालेली मुलं जन्मली.

गर्भातल्या बाळाचा विचार करूनच २००३ मध्ये मिथिलमर्क्युरीची ती साप्ताहिक मर्यादा ३.३ वरून १.६ वर आणली गेली. नाळेच्या रक्तातलं मिथिलमर्क्युरी आईच्या रक्तातल्यापेक्षा सरासरी १.७ पट असतं. घरात कुणाला दिवस गेले असतील तर मासळी बंद करू नका, बाळाच्या मेंदूला ती हवी असते. मुशी आणि मोठी सुरमई तेवढी टाळा. तारली, मांदेली, कोलंबी आणा.