चाकांवरची उपासना

धर्मादाय निधी जमवीत शेकडो कोस सायकल हाकणाऱ्या ख्रिस्ती प्रवाशाला परमुलखात रविवार गाठतो, तेव्हा पायांच्या वेदनेहूनही त्याला अधिक सलते ती सामुदायिक प्रार्थनेची उणीव. आणि नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग गोंदिया जिल्ह्यात देवरीच्या वनप्रदेशात शिरतो, तेथे ती विशेषच जाणवावी. तथापि सहप्रवाशाचा महिमा या मुलखाला नवा नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने ‘नवा करार’ दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचीच भजने आज मराठी मंडळ्यांतून गायिली जातात. म्हणून साखळीच्या वंगणाने काळवंडलेले हात पुसून मागच्या बाकावर टेकलेला परगावचा मराठी सायकलस्वार पेटीचे पहिले सूर निघताच परका राहत नाही. बाबा आमटे यांच्या १९८५ च्या ‘भारत जोडो’ यात्रेतही तरुण सायकलींवरच कन्याकुमारीहून निघाले होते. सायकलीच्या गतीने माणसे भेटतात, हे मला फार मोलाचे वाटते. महामार्गालगतच्या मंडळ्यांना एवढीच विनंती, की रविवारी दाराशी धुळीने माखलेली सायकल दिसली, तर तिच्या स्वाराला आत बोलवावे, आणि उपासनेनंतर जेवल्यावाचून जाऊ देऊ नये.