मुक्तीतील जागृती आणि ‘साक्ष’ : एका मराठी मंडळीचा आरंभकाल

१९९८ मध्ये धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूरच्या बाजूस, मावची व भिली बोलणाऱ्या समाजांत लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या आहेत. अशा मंडळ्यांच्या आरंभाचा शोध घेऊ लागले की अभ्यासकाच्या हाती मुख्यतः ‘साक्षी’ लागतात. अमुक दिवशी अमुक आजारी मनुष्य बरा झाला, अमुक बाई प्रार्थनेत रडली, आणि तेथून मंडळी सुरू झाली. या कथनांना इतिहास म्हणावे की भक्तिवाङ्मय, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचा विचार करण्यासाठी मराठी मुलखातील या प्रकारच्या जागृतीचे सर्वांत ठळक उदाहरण, म्हणजे केडगावच्या मुक्ती मिशनमधील १९०५ ची घटना, तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या शेकडो अनाथ मुली व स्त्रिया केडगाव येथे वसविल्या गेल्या. पुढे जी मंडळी उभी राहिली ती या स्त्रियांची होती. तिच्यात विद्वान कमी, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या अधिक. मराठी ही कित्येकींची मायबोलीही नव्हती.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी जागृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. प्रथम सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दररोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० च्या घरात गेली. वेल्समधील १९०४-०५ ची जागृती आणि १९०५ मधील खासी टेकड्यांतील हालचाल यांची पार्श्वभूमी येथे विसरता येत नाही. २९ जूनच्या पहाटे एका मुलीवर पवित्र आत्मा उतरला असे सांगितले जाते. शेजारी निजलेल्या मुलीला ती पेटलेली दिसली. ती पाण्याची बादली घेऊन धावली, आणि ओतण्यापूर्वीच आग नाही हे तिच्या ध्यानात आले. मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट सहकारी बाईंनी हा प्रसंग लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असता मुली मोठ्याने रडू व प्रार्थना करू लागल्या, आणि त्यांना विवेचन थांबवावे लागले.

बादलीचा हा तपशील महत्त्वाचा आहे. केवळ उपदेशासाठी रचलेल्या कथेत अग्नीनंतर पाणी येत नाही. ते घरातल्या, चुलीजवळ वावरणाऱ्या मुलीच्या सहज प्रतिक्रियेतून येते. चमत्काराच्या सत्यासत्यतेचा निर्णय यावरून होत नाही, परंतु कथन कोणत्या अनुभवविश्वातून आले हे मात्र कळते. ज्या मुलीवर हा प्रसंग गुदरला ती पुढच्या इतिहासात जवळजवळ अदृश्यच राहते, ही या साक्षीची दुसरी बाजू होय.

लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटवरील जागृतीचा आरंभ एप्रिल १९०६ चा. म्हणजे केडगाव तिच्या आधीचे. पेंटेकॉस्टल चळवळ अमेरिकेतून जगभर पसरली या सरळसोट समजुतीला त्यामुळे धक्का बसतो. तरीही ‘आम्हीच पहिले’ असा दावा करण्याची घाई अनाठायी ठरेल. १९०५ मधील घटनेत पश्चात्ताप, अश्रू व अग्निदाह यांवर भर दिसतो. अन्य भाषांत बोलण्याचे वृत्तांत ठळक होतात ते १९०६ मध्ये. मनमाडचे नाव या संदर्भात येते. दौंडचे अल्बर्ट नॉर्टन यांनी मुक्तीत इंग्रजी न शिकलेल्या मुलीला त्या भाषेत प्रार्थना करताना ऐकल्याचे नमूद केले आहे. रमाबाईंनी मात्र अन्य भाषा बोलणे ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण मानली नाही. एब्रम्सबाईंची भूमिकाही याच वळणाची होती. त्यांचे पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावरील पुस्तक १९०६ मध्ये निघाले आणि चिलीतील वाल्पारायसो येथे मे हूवर या त्यांच्या जुन्या सहाध्यायिनीच्या हाती पडले. तेथील १९०९ च्या जागृतीत त्याचा वाटा होता. केडगाव व वाल्पारायसो यांच्यामधील हा दुवा मराठी वाङ्मयेतिहासात क्वचितच नोंदला जातो.

मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बाब वेगळीच आहे. शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत. छापील उपासनाक्रमाचे बंधन सुटले आणि बोलीला देवाशी थेट बोलण्याचा अधिकार मिळाला. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच समूहासाठी होते. ते मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी छापले आणि रमाबाईंच्या निधनानंतर (५ एप्रिल १९२२) दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, संपूर्ण प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रीस समजेल अशी भाषा हा त्यामागील हेतू होता. मूळ शब्दाशी निष्ठा राखताना वाक्ये पुष्कळदा ओढूनताणून झाल्यासारखी वाटतात, हे मान्य करावे लागेल. पण मोठ्याने वाचले असता तोच ओबडधोबडपणा प्रार्थनेतील बोलण्याच्या जवळ जातो.

नवापूरकडील साक्षींकडे वळताना त्या प्रथम मराठीत सांगितल्या गेल्या की मावचीत, कोणी लिहून घेतल्या, आणि सांगणाऱ्याच्या बोलीतला कोणता शब्द लेखनात गळाला, एवढे तरी विचारणे आवश्यक आहे. बादलीसारखा तपशील जेथे टिकून राहिला असेल, तेथून वाचनास आरंभ करावा.